१४४१६ : कडक घरातल्या पोरापोरींनी वावरातून लावायचा नंबर

नाव टेली-मानस. नंबर १४४१६, तो नाही लागला तर १८००-८९१-४४१६. पैसे लागत नाहीत, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं. १० ऑक्टोबर २०२२ ला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, केंद्र सरकारनं तो सुरू केला आणि त्यामागची तज्ज्ञ संस्था म्हणजे बंगळूरूची निमहान्स. एवढं सरकारी पोस्टरातही सापडतं.

पोस्टरात सापडत नाही ते असं. हा नंबर परीक्षेच्या ताणापासून कर्जाच्या चिंतेपर्यंत सगळ्यांना एकच आहे. पण वऱ्हाडातल्या दर्यापूर, दारव्हा, मोर्शीकडच्या एखाद्या गावात, महानुभावांचा उपदेश घेतलेल्या किंवा वारकऱ्यांची माळ घातलेल्या किंवा पाच वक्ताच्या नमाजी घरात, अठरा-वीस वर्षांच्या मुलाचा दुसऱ्या मुलावर जीव जडलाय, नाहीतर मुलीचा मुलीवर, आणि घरी कोणाला पत्ता नाही. अशांना तो कितपत कामाचा? इथं तेवढंच तपासून पाचापैकी गुण दिलेत. कसोटीही एकच लावलीय : कोणाला कळंल? सल्ला बरा की वाईट हे त्यानंतरचं. सल्ला फसला तर एक संध्याकाळ वाया जाते. गोष्ट फुटली तर कॉलेज बंद होतं आणि वर्षाच्या आत साक्षगंध उरकतं.

तर आधी फोन. ‘माझा मोबाईल’ म्हणतो त्याचे घरात चार मालक असतात. सिम बाबांच्या नावावर, जीमेल मोठ्या भावाचं, रिचार्ज काका मारतो आणि पॅटर्न धाकट्या बहिणीला पाठ. गोष्ट या चारही जागांतून गळते, पण वेगवेगळ्या रीतीनं. सिम ज्याच्या नावावर त्याला वापराचा तपशील मागता येतो, असंच धरून चाला. कंपनीच्या ॲपात नंबर जोडलेला असेल तर त्याला दुकानातही जावं लागत नाही. जीमेल एकच असेल तर तुम्ही गुगलवर काय विचारलं, यूट्यूबवर काय पाहिलं, हे भावाच्या हँडसेटवर उगवतं. म्हणून नंबर शोधायला गुगल उघडूच नये, पाठ करून टाकावा. बोलून झाल्यावर कॉल-यादीतली तेवढी एकच नोंद काढावी. घाबरून अख्खी यादी पुसणारे असतात, आणि यादी रिकामी दिसली की घरचे बरोब्बर विचारतात, “काहून पुसलं बे सगळं?” ट्रूकॉलर असेल तर त्याची यादी वेगळी असते, तिथूनही काढावी लागते.

आणखी दोन गोष्टी कोणी सांगत नाही. बऱ्याच अँड्रॉइड फोनांत ‘सगळे कॉल आपोआप रेकॉर्ड करा’ हे बटण असतं, आणि विकत घेतल्या दिवशी दुकानदारानं किंवा भावानं ते चालू करून ठेवलेलं असतं. आपण बोलून मोकळे होतो, फाईल मात्र पडून राहते. मेमरी भरली म्हणून कोणी साफसफाईला बसलं की ऐकतं. फोन लावण्याआधी कॉलच्या सेटिंगमध्ये जाऊन ते बटण पाहावं. दुसरी गोष्ट ब्लूटूथची. घरातल्या भजनाच्या स्पीकरला एकदा जोडलेला फोन अंगणातून आत आला की आपसूक त्यालाच जाऊन चिकटतो. बोलायच्या आधी ब्लूटूथ बंद, आणि शक्य तर वायरचा इअरफोन, तोही एकाच कानात. दुसरा कान गावाकडे.

यावर उपाय म्हणून गुपचूप दुसरा हँडसेट घ्यावा असं कोणी सुचवलं तर घेऊ नये. नोंद सापडली तर ‘चुकून लागला’ म्हणता येतं; दुसरा मोबाईल सापडला तर काहीच म्हणता येत नाही. टेली-मानसचं ॲपही आहे, पण कडक घरात त्याचा उपयोग कमी आणि धोका जास्त. पडद्यावर चिन्ह दिसतं, लहान पोरं खेळता खेळता उघडतात. साधा फोनच बरा.

आता जागा. घराच्या भिंतीला शेजाऱ्याची भिंत, आणि आत नेटवर्क नाही. स्लॅबवर नेटवर्क आहे, पण तिथला आवाज चार घरी जातो. उरलं वावर. वावरातही हंगाम पाहावा लागतो. तूर उभी असेल तेव्हा आपण दिसत नाही म्हणून बरं वाटतं. पण पलीकडच्या तासात बसलेला माणूसही आपल्याला दिसत नाही. वेचणीच्या दिवसांत तर पराटीत, म्हणजे कपाशीत, बाया ओळीनं असतात. सगळ्यात चांगलं हरभऱ्याचं वावर : गुडघ्याएवढं पीक, धुऱ्यावर बसलं की कोण येतंय ते दोन वावरं लांबून दिसतं. उन्हाळ्यात दुपारी बारा ते चार पांदणीला चिटपाखरू नसतं, निंबाखाली बसून हवं तेवढं बोलता येतं. फक्त फोन उन्हात ठेवू नये, तापून बंद पडतो.

हे झालं मुलांचं. मुलीला एकटीनं पांदणीला जाता येत नाही, आणि गेली तर गाव फोनपेक्षा त्याचीच चर्चा करतं. तिच्यासाठी जागा वेगळ्या : कॉलेजच्या मागचं पटांगण, अभ्यासिकेचा जिना, एप्रिलमध्ये कुरड्या-वड्यांची राखण करायला स्लॅबवर बसवतात तो तास, अर्थात शेजारचा स्लॅब रिकामा असेल तरच. एसटीत बसून बोलू नये. गाडीच्या आवाजात आपला आवाज आपोआप चढतो आणि मागच्या सीटवर हमखास कोणाची तरी मावशी निघते.

पहिल्या फोनला अर्धा तास हातात ठेवावा. नंबर लागला की मशीन आधी भाषा विचारतं. मराठीचा आकडा ऐकून दाबायचा. मग माणूस बोलतो, प्रशिक्षण घेतलेला समुपदेशक. तो राज्याच्या केंद्रात बसलेला असतो, तुमच्या तालुक्यात नाही, आणि या सेवेची सगळ्यात मोठी जमेची बाजू हीच. गावात आशाताई आहे, ती मनानं चांगली असेल, पण ती कोणाची तरी काकू आहे. ग्रामीण रुग्णालयातलं मैत्री क्लिनिक दहा ते एकोणीस वयाच्यांसाठी आहे आणि तिथं मासिक पाळीपासून व्यसनापर्यंत विचारता येतं. पण खोलीबाहेरच्या बाकड्यावर लसीकरणाला आलेली गावातली सून बसलेली असते. फोनवर ती नसते.

नाव विचारलं तर कोणतंही सांगा, फोनवर आधार कार्ड कोणी पाहत नाही. गाव सांगू नका, जिल्हा पुरे. आणि एक वाक्य न विसरता, सुरुवातीलाच : “मला इकडून परत फोन करू नका, मीच करीन.” पाठपुराव्यासाठी तिकडून फोन येऊ शकतो. बाकीच्यांना ती सोय वाटते. पण रात्री जेवताना मधल्या घरात चार्जिंगला लावलेला फोन वाजला आणि आईनं उचलला, की झालं.

बोली कोणती वापरावी याची फार चिंता नको. ‘मले’, ‘तुले’, ‘गंज भेव वाटून राह्यलं’, सगळं चालतं. समोरची व्यक्ती सोलापूरकडची असेल तर पुन्हा विचारेल, इतकंच. अडचण बोलीची नाही, एका शब्दाची आहे. वऱ्हाडीत या प्रेमाला शिव्या भरपूर आहेत, शब्द नाही. ‘समलिंगी’ हा शब्द वर्तमानपत्रातला वाटतो, तोंडातून निघत नाही. म्हणून पोरं आडून बोलतात : “माझा एक दोस्त आहे, तो आजकाल बोलत नाही.” “माझ्या मैत्रिणीचं लग्न ठरलं, मले करमत नाही.” ऐकणाऱ्याला वाटतं मैत्रीतला रुसवा आहे. मग सल्ला येतो नवीन मित्र जोडा, छंद लावून घ्या, आणि वीस मिनिटांनी दोन्हीकडून फोन ठेवला जातो. यात समुपदेशकाचा दोष नाही. खरी गोष्ट सांगितलीच नव्हती.

त्यामुळे पहिली चार-पाच वाक्यं आधी मनात घोकून जावीत. नमुना असा : “मी मुलगी आहे, वय एकोणीस. माझं एका मुलीवर प्रेम आहे, मैत्रीण म्हणून नाही, जोडीदार म्हणून. घर कडक धार्मिक आहे, घरी माहीत नाही आणि सांगायचंही नाही. मला हे बदलायचं नाही. मला झोप लागत नाही, त्याबद्दल बोलायचं आहे.” यातलं एकेक वाक्य एकेक चुकीची वाट बंद करतं. ‘जोडीदार म्हणून’ म्हटलं की मैत्रीचे सल्ले थांबतात. ‘सांगायचं नाही’ म्हटलं की आईला विश्वासात घ्या हे थांबतं. ‘बदलायचं नाही’ हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि शेवटचं वाक्य संभाषणाला कामाला लावतं. झोप, भूक, छातीतली धडधड, यांवर फोनवरूनही खरंच काही करता येतं.

आता समोरचं माणूस कसं ओळखायचं. “बरं. तिला माहीत आहे का?” असा साधा, कोणत्याही प्रेमात विचारावा तसा प्रश्न आला तर माणूस बरा भेटला. “हे कधीपासून सुरू झालं?” या प्रश्नावर कान टवकारावेत, पण फोन ठेवू नये, काही जण फक्त माहिती घेत असतात. मात्र “लग्न झालं की बसते आपोआप”, “संगतीचा परिणाम आहे”, “वय आहे, जाईल”, “एका डॉक्टरांकडून गोळ्या सुरू करा म्हणजे आवड बदलेल” यांपैकी काही आलं तर धन्यवाद म्हणून ठेवून द्यावा. भांडू नये, भांडण्यात आपलाच आवाज चढतो. दुसऱ्या दिवशी वेगळ्या वेळेला पुन्हा लावावा, बहुधा दुसरं कोणी उचलेल. मागचा माणूसच हवा म्हणून मागता येईल याची खात्री नाही; चांगला भेटला तेव्हा ती गैरसोय, वाईट भेटला तेव्हा तीच सोय. सारखं पहिल्यापासून सांगावं लागतं हा मात्र खरा वैताग आहे. पाचातला अर्धा गुण इथं कापला.

गोळ्यांच्या सल्ल्याबद्दल थोडं खोलात, कारण पांढऱ्या कोटातला माणूस बोलला की गावात शेवटचा शब्द होतो. जागतिक आरोग्य संघटनेनं १७ मे १९९० ला समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१८ मध्ये जाहीरपणे सांगितलं, की हा आजार नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं ऑगस्ट २०२२ मध्ये राज्यांच्या वैद्यकीय परिषदांना कळवलं, की आवड बदलण्याचे ‘उपचार’ करणं हे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन आहे. आणि मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, त्याचं कलम ३ तर या विषयासाठीच लिहिल्यासारखं आहे : माणूस आपल्या समाजातल्या नैतिक, सांस्कृतिक मूल्यांना किंवा धार्मिक समजुतींना धरून वागत नाही, एवढ्यावरून त्याला मानसिक आजारी ठरवता येत नाही. धार्मिक समजुती हे शब्द कायद्यातच आहेत. याच कायद्याच्या कलम १८ मध्ये लैंगिक कलावरून उपचारांत भेदभाव करायचा नाही असं आहे आणि कलम २३ मध्ये गोपनीयतेचा हक्क. फोनवर कलमं फेकायची गरज नसते. आपल्याला माहीत असलं की आवाज कापत नाही, एवढाच त्यांचा उपयोग.

धर्माच्या बाबतीत मात्र फोनवरचं समुपदेशन, कोणतंही, हमखास अडखळतं. आणि अडखळतं दोन्ही बाजूंना. एक बाजू ओळखीची : जप वाढवा, देवळात जाऊन बसा, मन शांत होईल. आता महानुभाव घरातल्या मुलाला देवीच्या देवळात जा म्हणणं म्हणजे काय? उपदेश घेतल्यावर इतर देवतांपुढे वाकायचं नसतं, हे त्या घरात लेकरू चालायच्या आधी शिकतं. महानुभावांचं तीर्थ रिद्धपूर ज्याच्या घरापासून तासाभरावर आहे त्याला असला सल्ला मिळाला, तर एका अपराधाच्या ओझ्यावर दुसरं ओझं चढतं. कारंज्याच्या जैन घरातल्या मुलीला “थोडं हॉटेलात जा, काही चांगलं खा” हेही तसंच.

दुसरी बाजू सुधारकांची. “हे सगळं थोतांड आहे, सोडून दे घर, सोडून दे पंथ.” बोलणाऱ्याला वाटतं आपण मोठा आधार दिला. पण त्या पोराला पंथ सोडायचा नसतो. त्याला पहाटेचं पारायण आवडतं, सप्ताहातला काला आवडतो, रमजानच्या शेवटच्या दहा रात्री आवडतात. त्याचं दुखणं हेच असतं की ज्या देवावर जीव आहे त्यालाच आपण नकोसे असू. त्याला ‘देव सोड’ म्हणणं हे ‘प्रेम सोड’ म्हणण्याइतकंच निरुपयोगी. समुपदेशकानं शास्त्रार्थ करू नये, तो त्याचा प्रांत नाही. त्यानं विचारावं : तुला स्वतःला काय पाप वाटतं? प्रेम, की घरी खोटं बोलणं? बरेचदा उत्तर दुसरं निघतं, आणि त्यावर बोलता येतं. हा प्रश्न समोरून आला नाही तर आपणच काढावा. “मला माझा धर्म सोडायचा नाही, त्याला धरूनच बोला,” हे वाक्य वरच्या नमुन्यात सहावं म्हणून जोडायला हरकत नाही.

यानंतर येतो गृहपाठ, आणि तिथं शहरातली पुस्तकं गावात उघडी पडतात. डायरी लिहा, हा जगातल्या प्रत्येक समुपदेशकाचा आवडता सल्ला. सहा माणसांत एक पेटी असलेल्या घरात डायरी म्हणजे स्वतःच्या हातानं लिहिलेला पुरावा. लिहायचंच असेल तर परीक्षेच्या रफ वहीच्या मागच्या पानावर, नावं न घालता, आणि त्याच दिवशी चुलीत. खोलीचं दार लावून दहा मिनिटं दीर्घ श्वास : दार असलेली खोली एकच, तिथं आजी झोपते. हा श्वास विहिरीवर किंवा गोठ्यात शेण काढताना घेता येतो; चार मोजत आत, सहा मोजत बाहेर, कोणाला दिसतही नाही. विश्वासातल्या नातेवाइकाशी बोला : गावात विश्वासातला नातेवाईक हा नात्यांच्या पूर्ण साखळीची एक कडी असतो, तोडून एकटा काढता येत नाही. असा गृहपाठ मिळाला की गप्प बसून ‘हो’ म्हणू नये. “हे माझ्या घरी होणार नाही, दुसरं सांगा,” म्हणावं. चांगला समुपदेशक लगेच बदलून देतो, आणि हीच त्याची परीक्षा.

मागून घ्यावी अशी एक गोष्ट आहे, जी ते आपणहून देतीलच असं नाही : नकाराचा सराव. गावात दोन पोरं एका खाटेवर झोपली तर कोणी बोट उचलत नाही, दोन मुली चोवीस तास एकत्र असल्या तर ‘जिवाभावाच्या’ म्हणतात. संशय येतो तो स्थळाला नकार दिला की. पहिलं स्थळ येतं तेव्हाच फोन करावा, साक्षगंधानंतर नाही. समुपदेशकाला म्हणावं, “तुम्ही माझे मामा व्हा आणि मला विचारा.” तो विचारील, काय कमी आहे पोरीत? मनात कोणी आहे का? तुझ्यामुळं धाकटीचं अडलं तर? याची उत्तरं दोनदा-तीनदा मोठ्यानं बोलून पाहावीत. बीएड, पोलीस भरती, एमपीएससी ही कारणं साधारण दोन वर्षं टिकतात, आणि अर्ज खरोखर भरलेला असेल तरच टिकतात.

जिवाचं काही वाटत असेल, म्हणजे मरून जावं असं मनात येत असेल, तर ते पहिल्याच मिनिटाला सांगावं, शेवटी राखून ठेवू नये. ते थेट विचारतील : काही ठरवलंय का, घरात काय आहे. हा अपमान नाही, प्रश्न विचारल्यानं विचार वाढत नाही. कापसाच्या गावात फवारणीचं औषध घरात असतंच. ते त्याच दिवशी गोठ्यातल्या पेटीत कुलपात आणि किल्ली दुसऱ्याच्या कनवटीला, एवढं करून घ्यावं. कारण सांगायची गरज नाही, ‘लहान लेकरं आहेत’ पुरतं. प्रसंग हाताबाहेरचा असेल तर आणीबाणीचा ११२. आणि वरच्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ११५ लक्षात ठेवावं : जिवावर बेतणारं पाऊल उचललेला माणूस तीव्र ताणाखाली होता असं कायदा मुळातच धरून चालतो, त्याला आरोपी म्हणून पाहायचं नसतं. पोलीस केसच्या भीतीनं दवाखान्यात न्यायला उशीर करू नये.

अठराच्या आतल्यांसाठी एक फरक आहे. मनातलं प्रेम सांगणं हा गुन्हा नाही, त्याची कोणी कुठं नोंद देत नाही. पण अठरा वर्षांखालच्या कोणाशी शरीरसंबंध झाल्याचं कळलं, तर बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या पॉक्सो कायद्यानं ते पोलिसांना कळवणं ऐकणाऱ्यावर बंधनकारक असतं, मग संबंध राजीखुशीचे असोत नसोत. मोठ्या माणसानं जबरदस्ती केली असेल तर मात्र हा हिशेब करत बसायचं नाही. बालकांच्या मदतीचा १०९८ लावायचा आणि सांगायचं.

फोनवर भागत नाही असं वाटलं तर याच सेवेचा दुसरा टप्पा आहे. समुपदेशकाला म्हणावं, मला मानसोपचारतज्ज्ञांशी बोलायचं आहे. प्रत्यक्ष जायचंच तर आपल्या तालुक्याचा दवाखाना टाळून जिल्ह्याला, जमलं तर शेजारच्या जिल्ह्याला जावं. यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, नागपूर इथं शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, वर्ध्याजवळ सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आहे. खिडकीवर केस पेपर काढताना रांगेसमोर एवढंच म्हणावं, झोप येत नाही, बाकीचं आत. मुलींना मार्च २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळे पैशाचं निभतं. दिवसभर बाहेर राहण्याचं कारण मात्र आधीच ठरवून, त्याचा एखादा कागद पिशवीत ठेवून निघावं.

घरच्यांना संशय आला की ते मानसोपचाराकडे जात नाहीत, आधी ‘बाहेरचं’ पाहतात. उतारा, अंगारा इथपर्यंत ठीक, सहन होतं. पण बाधा काढतो म्हणून दोरीनं बांधणं, मारणं, उपाशी कोंडणं सुरू झालं की ते महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात बसतं : सहा महिने ते सात वर्षं कैद आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड. त्यासाठी पोलीस ठाण्यात दक्षता अधिकारी नेमलेला असतो. वैद्यकीय आयोगाचं पत्र डॉक्टरला लागू, बाबाला नाही. बाबाला हा कायदा लागू. दोन्ही वेगळे ठेवावेत, नाहीतर ठाण्यात कोणी दाद देत नाही.

कायद्याच्या प्रश्नांना १४४१६ हा नंबर नाही. ते विचारलं तर तिकडून गोलगोल उत्तर मिळतं, आणि मिळायलाच हवं. ते वकील नाहीत. त्यासाठी १५१००, विधी सेवा प्राधिकरणाचा. स्त्रियांना तिथं उत्पन्नाची अट न लागता मोफत वकील मिळतो. विचारायला जाण्याआधी एवढं माहीत असावं : ६ सप्टेंबर २०१८ पासून सज्ञानांमधलं राजीखुशीचं समलिंगी नातं गुन्हा नाही. १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं जुनं ३७७ हे कलमच नाही. पण लग्नाला मान्यता नाही. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं तो हक्क दिला नाही. म्हणून ‘कोर्ट मॅरेज करून देतो’ म्हणून दोन मुलींकडून पैसे मागणारा दलाल भेटला तर तो फसवतोय.

आणि पळून गेल्यावर घरचे ‘मिसिंग’ दाखल करतात तेव्हा काय, हा प्रश्न फोनवर फार विचारला जात नाही, पण खरा तोच असतो. मदुराईच्या दोन तरुणी अशाच चेन्नईला गेल्या होत्या. त्या प्रकरणात ७ जून २०२१ ला मद्रास उच्च न्यायालयानं तिकडच्या पोलिसांना सांगितलं, की दोघी सज्ञान आणि आपल्या मर्जीनं एकत्र असतील तर जबाब घेऊन तक्रार बंद करा, छळू नका. त्या न्यायमूर्तींनी निकालाआधी स्वतः एका मानसशास्त्रज्ञाकडे बसून विषय समजून घेतला होता. सर्वोच्च न्यायालयानं ११ मार्च २०२४ ला सगळ्या न्यायालयांसाठी तत्त्वं घालून दिली : अशा व्यक्तीशी घरच्यांना बाजूला ठेवून एकांतात बोलायचं, आणि तिची आवड बदलण्यासाठी समुपदेशन लादायचं नाही. व्यवहारात यातलं काहीही कामाला यायचं तर वयाचा पुरावा हातात हवा. आधार, दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, बँकेचं पासबुक. ही चार कागदं बहुतेक घरांत बाबांच्या कपाटात असतात. झेरॉक्स आणि डिजिलॉकर शिष्यवृत्तीच्या फॉर्मच्या निमित्तानं करून ठेवता येतात, तेव्हा कोणी विचारत नाही.

बोलायला जागाच नसेल, फक्त लिहिता येत असेल, तर मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची आयकॉल ही सेवा ईमेलवरही उत्तर देते. कॉलेजच्या संगणकावरून वेगळं खातं काढून लिहावं आणि उठताना लॉगआउट करावं. आपल्यासारखं कोणी प्रत्यक्ष भेटावं असं वाटत असेल तर नागपुरात सारथी ट्रस्ट याच लोकांमध्ये काम करते. समुपदेशक कितीही चांगला असला तरी ही भूक तो भागवू शकत नाही. आणखी एक गुण त्यासाठी कापला. साडेतीन झाले.

नंबर मोबाईलमध्ये सेव्ह करू नये, ‘गॅसवाला’ या नावानंही नाही. गॅस संपला की कोणीतरी लावतंच. पाठ करायला सोपा आहे : एकशे चव्वेचाळीस, ते जमावबंदीचं जुनं कलम, आणि पुढं सोळा.